अकारविल्हे

मराठीत एक जुना, आता बहुधा कोशांपुरता उरलेला शब्द आहे : अकारविल्हे. ‘अ’पासून आरंभ करून वर्णानुक्रमाने लावलेले, असा त्याचा अर्थ. यातील ‘विल्हे’ म्हणजे मांडणी, व्यवस्था. विल्हेवाट लावणे म्हणजेही मुळात वस्तू जिथल्या तिथे लावणे. कचऱ्याशी त्या शब्दाची गाठ मागाहून पडली. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड आहेत. त्यांतील पहिले ५ प्रस्तावनाखंड. त्यांची मांडणी विषयवार आहे आणि केतकरांची मते, त्यांचे आग्रह, इतिहासाकडे पाहण्याची त्यांची स्वतंत्र दृष्टी तिथे पानोपानी भेटते. पुढे अकारविल्हे नोंदी सुरू होतात आणि मांडणी करणारा माणूस एकाएकी बाजूला सरतो. एखादे साम्राज्य आणि एखादे खेडे, एखादा तत्त्ववेत्ता आणि एखादी भाजी शेजारी शेजारी येऊन बसतात. त्यांना शेजारी बसविणारे कारण एकच, नावाचे पहिले अक्षर.

कोश चाळण्याची सवय ज्यांना आहे त्यांना या शेजाराचे सुख ठाऊक असते. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध केलेला महाराष्ट्र शब्दकोश मी विद्यार्थिदशेत प्रथम हाताळला. वळचणीवरून गळणाऱ्या पाण्याच्या धारेला ‘पागोळी’ म्हणतात. तिची व्युत्पत्ती पाहावी म्हणून खंड उघडावा, तर अलीकडे घोड्यांची पागा आणि डोक्यावरचे पागोटे, पलीकडे पाघळणे, आणखी पुढे सुताराची पाचर आणि वाऱ्यावर उडणारा पाचोळा. यांतले काहीही मी शोधीत नव्हते. पण पागोळीपर्यंत जायचे तर या वस्तीतूनच जावे लागे आणि जाताजाता चार ओळखी होत. मराठी शब्दांविषयी मला जे थोडेफार कळते त्यातला बराच भाग अशा न मागितलेल्या ओळखींचा आहे.

या क्रमाचे मला आकर्षण वाटते ते त्याच्या उदासीनतेमुळे. वर्णमालेला आवडनिवड नसते. तिला वाचक कोण आहे हे ठाऊक नसते आणि ठाऊक करून घेण्याची इच्छाही नसते. कोणता शब्द अधिक उपयोगी, कोणता अधिक लोकप्रिय, कोणता वाचून माणूस आणखी अर्धा तास कोशापाशी थांबेल, असा हिशेब ती करीत नाही. अकारविल्हे मांडणीत शेवटी येणे म्हणजे खालच्या पायरीवर येणे नव्हे. ‘ज्ञ’ने आरंभ होणारे शब्द कोशाच्या अखेरीस येतात, म्हणून ज्ञानाला कोणी कमी लेखले नाही.

आता आपण बहुतेक सारे शोधयंत्रावर शोधतो आणि तिथला क्रम वेगळ्या जातीचा आहे. १९९८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोघा संशोधक विद्यार्थ्यांनी आपल्या नव्या शोधयंत्राची रचना सांगणारा निबंध लिहिला. त्यातील मध्यवर्ती कल्पना अशी की, ज्या पानाकडे इतर पुष्कळ पाने दुवा देऊन बोट दाखवितात ते पान महत्त्वाचे मानावे. आणि बोट दाखविणारे पान स्वतःच महत्त्वाचे असेल तर त्याच्या बोटाला अधिक वजन द्यावे. ही कल्पना विद्वानांच्या व्यवहारातून घेतलेली आहे. ज्या ग्रंथाचा आधार पुष्कळ अभ्यासक घेतात तो ग्रंथ मोठा, हे आपण पूर्वीपासून मानीत आलो आहोत. थोरांनी ज्याला थोर म्हटले तो थोर. कल्पना सुंदर होती, आणि तिच्यामुळे जाळ्यावरच्या अफाट ढिगाऱ्यातून कामाचे पान वर येऊ लागले, हेही खरे. पुढे या गणितात दुव्यांखेरीज इतर असंख्य खुणांची भर पडत गेली. पण त्याचा स्वभाव कायम राहिला. उत्तरे लाखो असली तरी ती एका रांगेत उभी केली जातात आणि रांगेच्या आरंभी कोण, हे ठरविले जाते. दुसऱ्या पानावर किती जण जातात? माझ्या वर्गात मी हा प्रश्न दरवर्षी विचारते. हात क्वचितच वर होतो.

त्याच निबंधाच्या परिशिष्टात या दोघांनी एक इशाराही दिला होता. जाहिरातींच्या पैशांवर चालणारे शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदाराकडे झुकेल आणि शोधणाऱ्याच्या गरजेपासून दूर जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. २००० साली त्यांच्याच शोधयंत्रावर जाहिराती सुरू झाल्या. जिकडे घुगऱ्या तिकडे उदो उदो, हे आपल्याकडे गोंधळाच्या रात्री म्हणून ठेवलेलेच आहे.

मात्र जुन्या काळी सारे क्रम निष्पाप होते, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. मेल्विल ड्युई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली प्रसिद्ध केलेली दशांश वर्गीकरण पद्धती आजही आपल्या पुष्कळ ग्रंथालयांत चालते. तिच्यात धर्म या विषयाला २०० ते २९९ असे शंभर अंक दिलेले आहेत. त्यांतील बहुतेक सारे ख्रिस्ती धर्माच्या अंगोपांगांत वाटले गेले आणि जगातल्या उरलेल्या सर्व धर्मांना मिळून २९० चा एक कोपरा मिळाला. ज्ञानेश्वरीवरील भाष्यग्रंथ आपल्या ग्रंथालयांत दशांश चिन्हानंतरच्या लांबलचक आकड्यांच्या शेपटीसह उभे असतात, त्याचे कारण या वाटपात आहे. वर्तमानपत्रांचेही तेच. पहिल्या पानावर काय यावे आणि आतल्या पानावरही काय येऊ नये, हे कोणीतरी ठरवीतच होते. बहिष्कृतांचे प्रश्न प्रचलित वृत्तपत्रांत येत नाहीत, आले तर दुसऱ्याच्या नजरेने येतात, हे पाहून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२० साली ‘मूकनायक’ सुरू केले. त्या पत्राच्या नावातच, कोणाचा आवाज ऐकू येत नाही याची नोंद आहे.

पण इथेच दोन काळांतला एक भेद मला महत्त्वाचा वाटतो. ड्युईच्या कोष्टकातील अन्याय कोष्टकातच छापलेला होता. कोणीही ते उघडून दाखवू शकत असे. वृत्तपत्राच्या क्रमाला संपादकाचे नाव होते, पत्ता होता. त्याच्याशी भांडता येत असे, त्याला पत्र लिहिता येत असे आणि तेवढ्यानेही भागले नाही तर आपले वृत्तपत्र काढता येत असे. शिवाय एस.टी. स्थानकावर विकत घेतलेला अंक आपल्या हाती आणि शेजारच्या बाकावरील अनोळखी प्रवाशाच्या हाती एकच असे. दोघांचे मत विरुद्ध असले तरी दोघांसमोरचे पान एक होते. वाद करायला एवढा आधार पुरतो.

शोधयंत्राच्या बाबतीत हा आधार हळूहळू काढून घेतला गेला. २००९ सालच्या डिसेंबरपासून गूगलने सर्वांसाठीच, खात्यात प्रवेश न केलेल्यांसाठीसुद्धा, उत्तरांचा क्रम ज्याच्या त्याच्या पूर्वीच्या शोधांनुसार बदलण्यास आरंभ केला. तेव्हापासून तुमची रांग आणि माझी रांग एकच असेल याची खात्री राहिलेली नाही. दोघांतला फरक पुष्कळदा लहान असतो, हे मान्य. पण तो किती आहे आणि कशामुळे आहे हे आपणांस दिसत नाही, कारण मनुष्याला दुसऱ्याचा पडदा दिसत नाही. आपल्यासमोर जे आले तेच जगासमोर आले असणार, अशा समजुतीने आपण बोलू लागतो आणि समोरचा माणूस इतका अडाणी कसा, याचे आपल्याला आश्चर्य वाटते. त्यालाही आपल्याविषयी तेच वाटत असते.

मराठीच्या संदर्भात ही गोष्ट आणखी गुंतागुंतीची होते आणि मला अधिक जवळची वाटते ती हीच बाजू. जाळ्यावर मराठी मजकूर येऊ लागला तेव्हा तो नाना तऱ्हेच्या स्वतंत्र टंकांत येत असे. त्या टंकांत देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागांवर बसविलेली असत. वाचणाऱ्याच्या संगणकावर तोच टंक असेल तर पडद्यावर शुद्ध मराठी दिसे, नसेल तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक कचरा. शोधयंत्राला तर नेहमी तो कचराच दिसे. वृत्तपत्रांचे अग्रलेख, साहित्य संमेलनांची वृत्ते, परीक्षणे, मृत्युलेख असा कितीतरी मजकूर जाळ्यावर होता, पण शोधणाऱ्यासाठी तो नव्हता. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला जागा मिळाली होती. ती जागा मराठी वृत्तपत्रांच्या आणि मुद्रकांच्या रोजच्या व्यवहारात येण्यास मात्र पुष्कळ वर्षे जावी लागली. त्या मधल्या वर्षांतला मराठी मजकूर आज धुंडाळला तर मोठी पोकळी लागते. त्या काळी मराठीत फारसे काही लिहिलेच गेले नाही, असे उद्याच्या अभ्यासकाला वाटले तर त्याला दोष कसा द्यावा?

पडद्यावर दिसण्याचा अगदी शब्दशः अर्थ घेतला तरी मराठीची थोडी गंमत झाली आहे. आपण लहानपणी पाटीवर ‘ल’ आणि ‘श’ ज्या वळणाने गिरविले ते मराठी वळण हिंदीच्या वळणाहून वेगळे आहे. बहुतेक मोबाइलवर मात्र हिंदी वळणाचीच अक्षरे उमटतात. माझ्या विद्यार्थ्यांच्या हस्ताक्षरातही ती आता येऊ लागली आहेत. कोणी सक्ती केली नाही, कोणी आदेश काढला नाही.

लिपी एक असल्याचे परिणाम अर्थापर्यंतही पोहोचतात. ‘शिक्षा’ हा शब्द घ्या. मराठीत त्याचा रूढ अर्थ दंड, हिंदीत शिक्षण, आणि वेदाच्या सहा अंगांपैकी उच्चारशास्त्राला शिक्षा म्हणतात तो तिसरा अर्थ. कोशात हे अर्थ क्रमांक घालून एकाखाली एक उभे असतात, जागा मिळण्यासाठी त्यांना झगडावे लागत नाही. शोधयंत्रात मात्र त्यांच्यामध्ये जणू निवडणूक होते. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते आणि हिंदी सांगणारे ५२ कोटी ८० लाखांहून अधिक. मतदार असे असल्यावर ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, ‘आपत्ती’ म्हणजे हरकत आणि ‘संसार’ म्हणजे जग, असा कौल वारंवार लागावा यात नवल नाही. शोधाबरोबर ‘मराठी’ असा शब्द जोडून दिला की बरेच काम होते. परंतु आपल्याच भाषेतला शब्द विचारताना आपल्या भाषेचे नाव सांगावे लागणे, हे परगावी गेल्यावर आडनावाबरोबर गावाचे नाव सांगण्यासारखे आहे. आणि इथे आपण परगावी गेलेलो नसतो.

याच्या पुढची पायरी मला आमच्या अभ्यासकेंद्रावरील एका विद्यार्थिनीच्या प्रकल्पात दिसली. तिने जात्यावरच्या ओव्या हा विषय घेतला होता. ओव्या जमवून आणल्या त्या सगळ्या मोबाइलवरून. पाहिले तर सात-आठ संकेतस्थळांवरच्या त्याच पाच-सहा ओव्या. एका ओवीतली टंकलेखनाची चूकसुद्धा सगळीकडे तीच. एकाने दुसऱ्याचे उचलले, दुसऱ्याने तिसऱ्याचे. यंत्राच्या दृष्टीने मात्र सात-आठ साक्षीदार एकच गोष्ट सांगत होते. मी तिला विचारले, घरी कोणी दळताना गात असे का? म्हणाली, “आजी म्हणायची, मॅडम. मला पाठ आहेत काही. पण त्या खऱ्या ओव्या नाहीत. नेटवर तशा कुठे नाहीत.” तिच्या आजीच्या ओवीत भावाचे गाव आले होते, त्या गावाच्या ओढ्याचे नाव आले होते, बैलांची नावे आली होती. ओवी या प्रकाराचा प्राणच ज्यात आहे तेच नेमके तिला खोटेपणाचे लक्षण वाटले. सापडणे ही असण्याची खूण आहे, हे तिला कोणी शिकविले नव्हते. रोजच्या वापरातून ते तिच्या अंगवळणी पडले होते.

आणि तिने जे सर्वस्व मानले ते जाळ्यावरचेही सर्वस्व नव्हते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून बायकांच्या जात्यावरच्या ओव्यांचा जो संग्रह केला, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहस्थळावर २०१७ पासून त्या मूळ आवाजांसह प्रसिद्ध होत आहेत. गाणाऱ्या बाईचे नाव, गाव, जात, मुलेबाळे हेही बहुधा नोंदविलेले असते. म्हणजे खजिना अस्तित्वात आहे, खुला आहे, विनामूल्य आहे. तिच्या रांगेत मात्र तो वरच्या दहांत नव्हता. मी तिला ते पान काढून दिले तेव्हा ती बराच वेळ ऐकत राहिली. मग तिने आजीच्या अकरा ओव्या वहीत उतरवून आणल्या, आणि त्या पुढे प्रकल्पात आल्या.

मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतील दुसरा नियम वाचकाच्या बाजूचा आहे; प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे, असे तो सांगतो. तिसरा नियम मला अधिक खोल वाटतो. तो ग्रंथाच्या बाजूने बोलतो : प्रत्येक ग्रंथालाही त्याचा वाचक मिळाला पाहिजे. यासाठी ग्रंथालयाने काही करावे लागते. रंगनाथनांनी मुक्तद्वार पद्धतीचा, म्हणजे वाचकाला कपाटांमधून स्वतः हिंडू देण्याचा, आग्रह धरला तो मुख्यतः या नियमापोटी. ज्याची मागणी कोणी करीत नाही असा ग्रंथ हिंडणाऱ्याच्या नजरेस पडावा, ही त्यामागची माया होती. शोधयंत्र दुसरा नियम विलक्षण कौशल्याने पाळते. तिसऱ्या नियमाचा त्याला पत्ताच नाही. ज्या पानाकडे कोणी जात नाही ते आणखी मागे जाते, आणि मागे गेल्यामुळे कोणी जात नाही. ग्रंथपाल अशा पुस्तकावरची धूळ झटकून ते ‘नवीन आलेली’ या फळीवर हळूच ठेवून देत असे. आमच्या महाविद्यालयातले ग्रंथपाल हे करीत, आणि पुस्तक चाळीस वर्षांपूर्वीचे असले तरी निःशंकपणे करीत.

हे लिहीत असताना एका गोष्टीचे ऋण मान्य केले पाहिजे. माझे कितीतरी विद्यार्थी अशा गावांत राहतात जिथून ग्रंथालय गाठायला अर्धा दिवस मोडतो. मोल्सवर्थचा १८५७ सालचा कोश आणि दाते-कर्वे यांचा शब्दकोश हे दोन्ही आज शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहेत. शेतातल्या कामातून उठून, बांधावर बसून एखादा विद्यार्थी शिकागोतून मराठी शब्दाचा अर्थ काढतो, ही गोष्ट केतकरांना कळली असती तर त्यांनी तिच्यावर एक प्रस्तावनाखंड लिहिला असता. माझे म्हणणे या सोयीविरुद्ध नाही. आपण विचारले आणि आपल्याला मिळाले, एवढ्यावर समाधान मानताना, विचारण्यासाठी आपल्याजवळ शब्द असावा लागतो, हे विसरता येत नाही. ज्याला ‘पागोळी’ हा शब्द ठाऊक आहे त्यालाच तो शोधता येतो. आणि आता तर प्रश्नाची पहिली दोन अक्षरे टाइप करताच उरलेला प्रश्नही यंत्रच सुचविते.

निदान तिथे प्रश्न तरी असतो. समाजमाध्यमांवर तोही नसतो. मोबाइल उघडावा आणि अंगठ्याने पडदा वर सरकवीत राहावे. काय पुढे यायचे ते आधीच ठरलेले असते. पु. ल. देशपांड्यांनी कधीही न लिहिलेले उतारे त्यांच्या नावावर फिरतात ते इथे. तो त्रास सोसण्यासारखा आहे, पु. लं.नी त्यावर एक छान लेख लिहिला असता आणि तोही दुसऱ्याच कोणाच्या नावावर फिरला असता. काही गोष्टी मात्र सोसण्यासारख्या नसतात.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या आदिवासी वस्तीच्या गावी आठवड्याचा बाजार होता. मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून सर्वत्र फिरत होत्या. त्या बाजारात नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जण आले होते. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातले, भिक्षेसाठी मुलुख फिरणारे. जमावाने त्यांना मारहाण केली, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि तिथे ठार मारले.

त्या वर्षी देशभर जी चित्रफीत फिरत होती तिच्यात मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यात खेळणाऱ्या मुलाला उचलून नेताना दिसत. ती कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी तयार केली होती. मूळ चित्रफितीत पुढे ते दोघे परत येतात, मुलाला खाली ठेवतात आणि हातातला फलक उघडून पालकांना सावध राहण्यास सांगतात. फिरणाऱ्या आवृत्तीत हा शेवट कापलेला होता. जे दाखविले होते त्यातली एकही चौकट बनावट नव्हती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली. पुढे जाण्याची गती तिने थोडी कमी झाली असेल. मुळात काय पुढे जाते, हा प्रश्न निराळा आहे.

मला राहून राहून दुसरेच काहीतरी वाटते. डवरी गोसाव्यांच्या नावात ‘डौर’ आहे. डौर म्हणजे डमरूच्या जातीचे एक वाद्य. ते वाजवीत, नाथांची गाणी गात हा समाज पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरत आला. दारावर कोण आला हे त्याच्या वाद्यावरून, वेषावरून, बोलण्याच्या ढबीवरून ओळखण्याचे एक ज्ञान महाराष्ट्रातल्या खेड्यांत होते. वासुदेव, पांगुळ, जोशी, नंदीबैलवाले, डवरी अशी ती ओळख असे. ती प्रेमाचीच असे असे नाही. तिच्यात तुच्छता असे, संशयही असे, आणि भटक्यांवर चोरीचे आळ घेण्याची आपली परंपरा मोबाइलपेक्षा फार जुनी आहे. इंग्रजांनी १८७१ साली कायदाच करून कित्येक जमातींना जन्माने गुन्हेगार ठरविले होते. तरीही समोरचा माणूस कोण, याचा निवाडा त्याच्या चेहऱ्याकडे पाहून होत असे. राईनपाड्याच्या बाजारात समोर उभ्या असलेल्या जिवंत माणसापेक्षा हातातल्या पडद्यावर आधी पाहिलेला माणूस अधिक जवळचा, अधिक खरा ठरला. माझ्या विद्यार्थिनीला आजीची ओवी खोटी वाटली, त्या अंगवळणाचेच हे रूप आहे. दोन्ही गोष्टी एका श्वासात सांगणे काहींना खटकेल. मला त्या एकमेकींपासून दूर दिसत नाहीत.

मध्यंतरी लोकवाद्यांवरच्या एका टिपणासाठी मी शोधयंत्रावर ‘डवरी गोसावी’ असे शब्द दिले. पहिल्या पानावर राईनपाडा होते. दुसऱ्यावरही होते. बातम्या, खटला, मदतीच्या घोषणा, शासनाच्या याद्यांतला जातीचा क्रमांक. यांतले काहीच चुकीचे नव्हते आणि ती घटना कोणी विसरावी असेही नाही. पण शेकडो वर्षांचा एक समाज एका दुपारीमागे उभा होता आणि त्याला रांगेत पुढे येता येत नव्हते. डौर कसा वाजतो ते मला ऐकायचे होते. पुष्कळ पाने मागे गेल्यावर कोणीतरी एका जत्रेत घेतलेली चित्रफीत मिळाली. जेमतेम एक मिनिटाची. गर्दीचा कलकलाट, बाजूला कोणी बांगड्यांचा भाव करीत असलेले, आणि त्याखालून बारीक, भरभर पडणारी थाप. वाजविणाऱ्याचा चेहरा पागोट्याच्या सावलीत आहे. खाली त्याचे नाव नाही, गाव नाही. पाहणाऱ्यांची संख्या तेव्हा एकोणचाळीस होती.